टीटीला बाहेरचे अलॉय लावले, आता स्टेअरिंग तिरकं आणि ९० ला थरथर

माहीम_कॉजवे | शनिवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. गाडी ऑडी टीटी, दुसरी पिढी, २.० टीएफएसआय. मी तिचा तिसरा मालक, घेऊन सव्वा वर्ष झालं. मागच्या पावसाळ्यात सायनजवळ पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि उजवीकडची दोन्ही चाकं एकापाठोपाठ त्यात गेली. एक सरळ करून मिळालं, दुसऱ्याच्या आतल्या कडेला चीर निघाली. चीर वेल्ड करून त्यावर हायवेला जायचा धीर मला झाला नाही, म्हणून चारही अलॉय बाहेरचे घेतले. १८ इंच, साडेआठ जे (रुंदी साडेआठ इंच), ईटी ४५ (चाकाची टेकण्याची जागा रुंदीच्या मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या बाजूला), पीसीडी ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ६६.६ मिमी. टायर मूळ मापाचेच, २४५/४० आर १८.

गुरुवारी बसवून घेतले. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तिथेच झाली. दुकानाचं नाव लिहीत नाही, मला भांडण नको, गाडी नीट हवी आहे.

घरी येतानाच दोन गोष्टी जाणवल्या. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग उजवीकडे झुकलेलं राहतं. आधीही किंचित असावं, पण आता बघताक्षणी दिसतं. आणि ८५ ते ९५ च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरतं, शंभरच्या जवळ जाता जाता कमी होतं. परत गेलो, त्यांनी बॅलन्सिंग पुन्हा केलं, यंत्रावर चारही चाकं शून्य. थरथर तशीच. अलाइनमेंटचा कागद मागितला तर प्रिंटर बंद आहे म्हणाले. मागच्या चाकांचं विचारलं तर "मागच्याला काही नसतं साहेब, पुढचंच करायचं असतं."

सुरुवात कुठून करू?

नवा_कोरा | शनिवार, रात्री ११:१९

फोटो टाका ना आधी! टीटीवर दहा काड्यांचे अलॉय फार देखणे दिसतात.

जुना_पाना | शनिवार, रात्री ११:४२

फोटो नंतर. माहीम_कॉजवे, आधी मला एवढं सांगा: बोल्ट कुठले लावलेत? गाडीचे जुनेच की चाकांबरोबर नवीन आले? आणि चाकाचं मधलं भोक ६६.६ आहे, तुमच्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गोल भाग, ५७.१ चा आहे. मधे रिंगा बसवल्या का?

उत्तर मिळेपर्यंत गाडी हलवू नका. मी जागा आहे.

माहीम_कॉजवे | शनिवार, रात्री ११:५८

काका, बोल्ट जुनेच आहेत, कंपनीचे. रिंगांचं म्हणाल तर डिकीत एक पिशवी सापडली. चार काळ्या प्लॅस्टिकच्या रिंगा, त्यांच्यावर ६६.६-५७.१ असं कोरलंय. म्हणजे बसवल्याच नाहीत.

जुना_पाना | रविवार, रात्री १२:३१

मग तुमची थरथर सापडली. पण त्याहून मोठी गोष्ट बोल्टची आहे, ती आधी सांगतो.

ऑडी, फोक्सवॅगन, पोर्शे, मर्सिडीज यांच्या बहुतेक गाड्यांच्या बोल्टाचं बूड गोल असतं, चेंडूचा तुकडा असावा तसं. कंपनीच्या चाकात त्याच गोलाईची वाटी असते. बाहेरच्या अलॉयमध्ये बहुतेक वेळा ६० अंशांचा शंकू कापलेला असतो. गोल बुडाचा बोल्ट शंकूत घातला की तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक वर्तुळाकार रेषेवर टेकतो. पाना मारताना घट्ट लागतो, टॉर्क रेंचसुद्धा टक् करतो. मग चालताना ती रेषा ॲल्युमिनियममध्ये दबत जाते आणि बोल्ट सैल होतो. चाक निसटतं ते असंच. मी दोन गाड्यांत हे पाहिलंय. एकीत पाचपैकी तीन बोल्ट हाताने फिरत होते आणि मालक नाशिकहून आला होता.

आता थरथर. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक मधल्या भोकातून शंकूवर धरलं जातं, म्हणून ते तिथे अगदी मध्यावर असतं. तुमच्या गाडीवर मात्र ते भोक हबपेक्षा साडेनऊ मिलिमीटरने मोठं आहे. बोल्ट योग्य असते तर शंकूंनी चाक बऱ्यापैकी मध्यावर ओढलं असतं, पण तेही चुकीचे. म्हणजे चाक जिथे कुठे टेकलं तिथे आवळलं गेलं. मध्यापासून एखादा मिलिमीटर सरकलं तरी ९० ला हातात येतं. यंत्र शून्य दाखवत होतं ते खरंच होतं, फक्त ते तुमच्या हबबद्दल काही सांगत नव्हतं.

सकाळी उजेडात एक चाक काढा. बोल्टाच्या छिद्राच्या कडेला काय खूण आहे ते बघा.

माहीम_कॉजवे | रविवार, सकाळी ९:२४

काढलं. प्रत्येक छिद्रात केसाएवढी चकचकीत रेषा आहे, बाकी शंकूला रंग जसाच्या तसा. आणि पुढच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट पाना लावताच फिरला, जोर लावावाच लागला नाही. बसवून तीन दिवस झालेत. शुक्रवारी आईला घेऊन सी लिंकवरून गेलो होतो.

गाडी आता चार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी आहे. उद्या लोकलने जाईन. काका, रात्री साडेबाराला उत्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

जुना_पाना | रविवार, सकाळी ९:५०

चाकांच्या शंकूंना इजा नाही हे चांगलं झालं. छिद्रं लांबट झाली असती तर चाकच बाद करायला सांगितलं असतं.

आता बोल्ट. एम १४ × १.५, ६० अंशांचा शंकू, ताकदीचा शिक्का १०.९. लांबी दुकानदाराच्या अंदाजाने घेऊ नका. चाक हबवर धरा, बोल्ट हाताने फिरवा आणि आटे मोजा. बूड टेकेपर्यंत पूर्ण आठ फेरे मिळाले पाहिजेत, म्हणजे बारा मिलिमीटर पकड. आणि उलटही बघा: बोल्ट फार लांब असेल तर हबच्या मागे बाहेर येऊन आतल्या भागांना घासतो. चाक न लावता त्याच खोलीपर्यंत बोल्ट घालून मागे टॉर्च मारा.

घाटमाथा | रविवार, सकाळी ११:१५

जुना_पाना यांच्याशी पूर्ण सहमत. माझी बीएमडब्ल्यू झेड ४ आहे, तिथे ५×१२० आणि हब ७२.६, बोल्ट मुळातच शंकूचे, त्यामुळे हा बोल्टचा घोळ आमच्याकडे होत नाही. रिंगांचा मात्र होतो. प्लॅस्टिकच्या रिंगा शहरात ठीक आहेत. घाटात जोरात ब्रेक वापरता असाल तर त्या मऊ पडतात, माझ्या एका बाजूच्या चपट्या झाल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या घ्या.

जुना_पाना | रविवार, दुपारी १२:०२

घाटमाथा, एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण हे माहीमला राहतात, गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी असते. लोखंडी हबवर ॲल्युमिनियमची रिंग दोन पावसाळ्यांत अशी धरते की छिन्नीने कापावी लागते. ॲल्युमिनियम घ्यायची तर हबच्या गोलाईला बोटाने पुसट तांब्याचं ग्रीस लावायचं आणि वर्षातून एकदा काढून साफ करायची. ग्रीस तेवढ्याच गोलाईला. बोल्टाच्या आट्यांना आणि शंकूला अजिबात नाही. आटे ओले असले की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

नवा_कोरा | रविवार, दुपारी १:३७

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. मित्राची टीटी आहे, त्याला नऊ जे ईटी ३५ घ्यायचेत, म्हणजे चाक फेंडरच्या रेषेला येईल. चालेल का?

वळणवाट | रविवार, दुपारी ३:१०

नवा_कोरा, हिशोब करून बघ, अंदाजावर जाऊ नकोस. मी प्रिसिजन मोजमापाच्या खोलीत काम करते, त्यामुळे माझा जीव आकड्यांत अडकतो.

टीटीचं मूळ १८ इंची चाक नऊ जे, ईटी ५२. नऊ इंच म्हणजे २२८.६ मिमी, त्याचं अर्धं ११४.३. त्यातून ५२ वजा केले की हबच्या टेकण्याच्या जागेपासून चाकाची बाहेरची कड ६२.३ मिमीवर येते, आणि ५२ मिळवले की आतली कड १६६.३ वर.

माहीम_कॉजवे यांचं साडेआठ जे, ईटी ४५: अर्धं १०७.९५, म्हणजे बाहेर ६२.९५, आत १५२.९५. बाहेरची कड पाऊण मिलिमीटरसुद्धा सरकलेली नाही, आत तेरा मिलिमीटर जागा वाढली. त्यांनी निवड फार विचाराने केली आहे. २४५/४० हा टायर साडेआठ जे रिमवर व्यवस्थित बसतो.

तुझ्या मित्राचं नऊ जे, ईटी ३५: बाहेर ७९.३. मूळपेक्षा सतरा मिलिमीटर बाहेर. उभ्या गाडीत सुंदर दिसेल. दोन माणसं, भरलेली टाकी आणि पूर्व द्रुतगती मार्गावरचा एक उंचवटा एकत्र आले की टायरचा खांदा फेंडरच्या आतल्या ओठाला लागेल. शिवाय चाक बाहेर गेलं की स्टेअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो ती जागा आणि टायरचा मध्य यांतलं अंतर बदलतं. एका बाजूचं चाक ओल्या पट्ट्यावर आणि दुसरं कोरड्यावर असताना ब्रेक मारला तर स्टेअरिंग हातातून ओढलं जाणं त्याने वाढतं. मुंबईच्या जुलैत हे रोजचं आहे.

दहावा_मजला | रविवार, दुपारी ४:४८

यात एक भर. ज्यांच्या सोसायटीत यांत्रिक स्टॅक पार्किंग आहे त्यांनी चाक बाहेर काढण्याआधी पॅलेटची रुंदी मोजावी. दोन्ही बाजूंना लोखंडी उभ्या कडा असतात. मूळ चाकांना आमच्याकडे बाजूला जेमतेम चार बोटं जागा होती. पंधरा मिमीचे स्पेसर (हब आणि चाक यांमधल्या चकत्या) लावल्यावर पहिल्याच आठवड्यात मागचं डावं अलॉय पूर्ण गोलाईत सोललं गेलं. स्पेसर काढून टाकले.

नवा_कोरा | रविवार, संध्याकाळी ६:०५

वळणवाट ताई, मित्राला हा हिशोब तसाच पाठवला. तो आता ईटी ४५ च शोधतोय. धन्यवाद.

परळकर | रविवार, रात्री ८:२०

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की तिचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं आहे. चाकाचा एकूण व्यास मूळ ठेवा, टायर फेंडरबाहेर काढू नका आणि विमा कंपनीला अलॉयचं बिल देऊन लेखी नोंद करून घ्या. दाव्याच्या वेळी सर्वेअर चाकं बघतोच.

माहीम_कॉजवे | बुधवार, रात्री १०:१४

सोमवारी ऑपेरा हाऊसला दोन दुकानं फिरलो, तिथे लांबी जमेना. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका जुन्या माणसाकडे मिळाले. मी चाकाची जाडी कागदावर काढून नेली होती. त्यांनी तीन लांब्यांचे नमुने घरी नेऊन बघायला दिले, पैसे नंतर द्या म्हणाले. मधल्या लांबीला साडेआठ फेरे आले, मागे काहीही घासत नाही.

हब बघून वाईट वाटलं. टेकण्याच्या जागेवर गंजाचे पोपडे होते, त्यावरच चाक आवळलं होतं. वायर ब्रशने अर्धा अर्धा तास एकेक हब घासला. चाकाच्या मागच्या बाजूला रंगाचा एक थेंब वाळलेला होता, तोही खरवडला. रिंगा सध्या प्लॅस्टिकच्याच घातल्या, हाताच्या दाबाने टक् करून बसल्या. बोल्ट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने दोन टप्प्यांत, शेवटी गाडी जमिनीवर ठेवून १२० न्यूटन-मीटर. गन वापरली नाही.

आज पहाटे अटल सेतूवर गेलो. रस्ता मोकळा होता, ८५, ९०, ९५ प्रत्येक वेगाला दोन-दोन मिनिटं धरून बघितलं. स्टेअरिंग शांत. शिवडीहून चढलो ते चिर्ल्यापर्यंत एकदाही हाताला काही जाणवलं नाही. परत येऊन बोल्ट पुन्हा तपासले, एक थोडा फिरला, बाकी जागेवर.

स्टेअरिंग मात्र तिरकंच आहे.

जुना_पाना | बुधवार, रात्री १०:४०

फार बरं वाटलं वाचून. थोडा फिरला म्हणता तो पुढच्या शंभर किलोमीटरनंतर परत बघा. नवीन रंग दबतो म्हणून एकदा तसं होतं. दुसऱ्यांदाही फिरला तर मात्र ते चाक काढून शंकू बघायचा.

दादर_पश्चिम | गुरुवार, सकाळी ७:५५

एक मूलभूत शंका. चाकं बदलल्याने अलाइनमेंट बदलतेच कशी? टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय), कॅम्बर (समोरून बघता ते किती कललंय) हे कोन हबचे असतात. अलॉय काढून दुसरा लावला तरी हब तिथेच आहे. मग दरवेळी चाकांबरोबर अलाइनमेंटचे पैसे का द्यायचे?

वळणवाट | गुरुवार, सकाळी ९:३०

तुमचं म्हणणं बरोबर आहे. व्यास तोच, गाडीची उंची तीच, तर चाक बदलून कोन बदलत नाहीत. पण माहीम_कॉजवे यांच्या गाडीचे हब सायनच्या खड्ड्यात दोन चाकं वाकण्याइतके आपटले होते. तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. आणि नवीन टायर घातल्यावर तपासायचं कारण वेगळं आहे: जुन्या टायरने चुकीच्या कोनाशी झिजून जुळवून घेतलेलं असतं. नव्याला तो कोन खाऊन टाकतो.

आकडा सांगते. एका चाकाची टो १० मिनिटांनी चुकीची असेल, म्हणजे एका अंशाचा सहावा भाग, तर ६५३ मिमी व्यासाच्या तुमच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक असतो. डोळ्याला दिसणार नाही. पण ते चाक प्रत्येक किलोमीटरमागे जवळजवळ तीन मीटर आडवं घासलं जातं. हजार किलोमीटरला तीन किलोमीटर. टायरवरून तळहात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतं, ते यानेच.

माहीम_कॉजवे, चारही चाकांना टार्गेट, म्हणजे मोजणीच्या पाट्या, लावणारं यंत्र जिथे आहे तिथेच जा आणि "आधीचे" आकडे हातात पडल्याशिवाय एकही नट हलवू देऊ नका.

जुना_पाना | गुरुवार, सकाळी १०:१२

जाण्याआधी चारही टायरची हवा थंड असताना सारखी करा. डिकी रिकामी. गाडी उचलून पुढचं चाक नऊ-तीनच्या आणि बारा-सहाच्या जागी धरून हलवून बघा. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटला खेळ असेल तर अलाइनमेंट करून उपयोग नाही, आज बसवलेला आकडा उद्याच्या पेव्हर ब्लॉकवर हलतो. आणि मागच्याला काही नसतं हे तुमच्या गाडीला लागू नाही. टीटीच्या मागे मल्टिलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी (लिंकनी) धरलेलं, आणि कॅम्बरला आणि टोला दोन्हीला वेगळे एक्सेंट्रिक बोल्ट आहेत, ते फिरवले की कोन बदलतो. पुढे मात्र कॅम्बर फारसा हलत नाही, सबफ्रेम (खालची चौकट) सरकवून मिळेल तेवढाच.

माहीम_कॉजवे | शनिवार, दुपारी ३:३६

आज दुसऱ्या ठिकाणी गेलो. त्यांनी चारही चाकांना टार्गेट लावली, गाडी हातभर मागे-पुढे ढकलून घेतली आणि न मागता आधीचा कागद दिला. उतरवतो:

मागचं डावं: टो +०°२२′, कॅम्बर −१°२५′
मागचं उजवं: टो −०°०६′, कॅम्बर −१°५०′
पुढची एकूण टो: +०°०९′, हिरवी
थ्रस्ट अँगल: ०°१४′, लाल

मागचा उजवा कॅम्बरही हिरव्यात दाखवतोय. पण मागचे एक्सेंट्रिक बोल्ट गंजून धरलेत, जोर केला तर तुटतील म्हणून त्यांनी थांबवलं. औषध मारून ठेवलंय, सोमवारी या म्हणाले. घाई केली नाही याचं मला कौतुक वाटलं. हा कागद वाचायचा कसा?

वळणवाट | शनिवार, संध्याकाळी ५:०२

या कागदात तुमचं तिरकं स्टेअरिंग अगदी स्वच्छ लिहिलेलं आहे.

मागचं डावं चाक आत वळलेलं, म्हणजे उजवीकडे बघतंय. मागचं उजवं चाक बाहेर वळलेलं, म्हणजे तेही उजवीकडेच बघतंय. दोघांच्या मधली दिशा म्हणजेच थ्रस्ट अँगल: २२ आणि ६ ची बेरीज, भागिले दोन, १४ मिनिटं. तुमचा मागचा आस १४ मिनिटांनी उजवीकडे ढकलतोय. मागचा भाग उजवीकडे गेला की नाक डावीकडे वळतं. ते सरळ ठेवायला तुम्हाला पुढची चाकं तेवढीच उजवीकडे धरावी लागतात. स्टेअरिंगचा रेशो साधारण सोळाला एक धरला तर चाकाची १४ मिनिटं म्हणजे तुमच्या हातात पावणेचार अंश. तेच तुम्हाला दिसतंय.

पहिल्या दुकानात पुढची दोन चाकं गाडीच्या मधल्या रेषेला धरून बसवली असणार, मागची दिशा मोजलीच नाही. म्हणून पुढचा आकडा हिरवा आणि स्टेअरिंग तिरकं, दोन्ही एकाच वेळी खरं.

हिरव्या रंगाबद्दल एक कळकळीने सांगते. यंत्रातली मर्यादा रुंद असते. डावं एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असलं तरी दोन्ही हिरवे दिसतात. रंग नका बघू, डावी-उजवी तफावत बघा. तुमच्या मागच्या कॅम्बरमध्ये २५ मिनिटांचा फरक आहे, आणि खड्ड्यात उजवी बाजूच गेली होती. उजव्या बाजूचे बुश (सांध्यातल्या रबरी गाद्या) आणि लिंक नीट बघायला सांगा. वाकलेली लिंक एक्सेंट्रिकने झाकता येते, पण तसं करू नये.

दादर_पश्चिम | शनिवार, रात्री ९:२७

हे वाचून मी आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीचं दोऱ्याने मोजमाप केलं. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

भाऊच्या धक्क्याजवळून गळाचा नायलॉन दोर आणला. दोन सारख्या लांबीच्या ॲल्युमिनियम नळ्यांना सारख्या अंतरावर खाचा केल्या, एक नळी गाडीपुढे, एक मागे, घोड्यांवर हबच्या मध्याच्या उंचीला. खाचांतून दोर ताणला की गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर रेषा मिळतात. मग नळ्या सरकवत राहायचं, जोवर पुढच्या दोन्ही हबपासून दोराचं अंतर डावी-उजवीकडे सारखं आणि मागच्या दोन्ही हबपासूनही डावी-उजवीकडे सारखं होत नाही. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, कारण बहुतेक गाड्यांची पुढची-मागची रुंदी वेगळी असते. माझा पहिला तास ते जुळवण्यातच गेला. त्यानंतर प्रत्येक रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं, फरक म्हणजे टो.

जमीन सपाट आहे का ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहिलं. आमच्याकडे डावीकडे अकरा मिलिमीटर उतार निघाला, म्हणून चाकांखाली जुन्या फरशा टाकून समतल केलं. वर ग्रीस लावलेले दोन-दोन प्लॅस्टिकचे कागद, म्हणजे चाक अडकून बसत नाही. मागच्या डाव्या चाकाला दोन कडांत तीन मिलिमीटर फरक आला. यंत्रावर जाऊन खात्री करणार आहे.

वळणवाट | शनिवार, रात्री १०:०३

दादर_पश्चिम, फार सुंदर काम केलंत. एक सुचवते: मोजून झाल्यावर गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे चाक १८० अंश फिरेल, आणि पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी घ्या. रिम किंचित वाकलेली असेल तर तिची चूक निघून जाते. यंत्रावर गाडी मागे-पुढे ढकलतात ती याचसाठी.

घाटमाथा | रविवार, सकाळी ८:४१

आणि गाडी एका बाजूला ओढते म्हणून लगेच कोनांना दोष देऊ नका. आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेकडे उतरते असतात, आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे हात सैल सोडला की गाडी हळूहळू डावीकडे जाणारच. मधल्या लेनमध्ये आणि कडेच्या लेनमध्ये दोन्हीकडे बघायचं. तरीही ओढत असेल तर पुढचे टायर डावी-उजवी बदलून बघा. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. दिशेचा बाण असलेल्या टायरला हे तसंच करता येत नाही, ते रिमवरून काढून उलटे घालावे लागतात.

माहीम_कॉजवे | सोमवार, रात्री ९:५२

झालं. वळणवाट ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला: मागच्या उजव्या खालच्या लिंकचा बुश एका बाजूने फाटला होता. लिंक सरळ आहे, पट्टी लावून बघितली. बुश नवा दाबून बसवला. तो आवळताना गाडी चाकांवर उभी होती, लटकत्या अवस्थेत बुश आवळला तर तो कायम पिळलेला राहतो हे त्या मिस्त्रींनीच सांगितलं. एक्सेंट्रिक बोल्ट एक सुटला, दुसरा कापावा लागला, नवीन घातला.

त्यांनी आधी मागचा कॅम्बर, मग मागची टो, मग पुढची टो अशा क्रमाने केलं. आत्ताचा कागद:

मागचं डावं: टो +०°०८′, कॅम्बर −१°३०′
मागचं उजवं: टो +०°०८′, कॅम्बर −१°३५′
पुढची एकूण टो: +०°१०′
थ्रस्ट अँगल: ०°००′

शेवटी स्कॅनर लावून स्टेअरिंगच्या कोनाच्या सेन्सरचं बेसिक सेटिंग करून दिलं. नाहीतर स्टेअरिंग हाताला सरळ आणि गाडीच्या संगणकाला तिरकं, असं राहिलं असतं.

परत येताना किनारी रस्त्याने आलो. वरळीच्या वळणानंतर सरळ लागलं तेव्हा स्टेअरिंगकडे पाहिलं, चारही वर्तुळं आडव्या रेषेत. बोगद्यात साठवर हात नुसते ठेवले होते. ही गाडी घेतली तेव्हापासून ती अशी कधी चालली नव्हती, आणि मला वाटायचं टीटी अशीच असते. आईला उद्या परत फिरवून आणणार आहे.

जुना_पाना | सोमवार, रात्री १०:२०

शाब्बास. आता एक काम राहिलं. जुने गोल बुडाचे बोल्ट फेकू नका. स्टेपनी असेल तर ती कंपनीच्या चाकाची आहे, तिला गोल बुडाचेच बोल्ट लागतात. रस्त्यात पंक्चर झालं आणि तुमचे नवे शंकूचे बोल्ट स्टेपनीत घातले तर तीच चूक उलटी होईल. पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा, पिशवीवर मार्करने लिहा. चोरी टाळायचे लॉक बोल्ट असतील तर तेही शंकूचे घ्या आणि त्यांची चावी त्याच पिशवीत.

माहीम_कॉजवे | सोमवार, रात्री १०:३४

स्टेपनी आहे, बारीक वाली. बोल्ट अजून बाल्कनीत डब्यात पडले होते. आत्ताच खाली जाऊन ठेवून आलो, पिशवीवर "फक्त स्टेपनीसाठी" लिहिलंय.